तंत्रशिक्षणाची सल्लागार समिती कशी चालवावी

एखाद्या भागातील तंत्रनिकेतने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अल्पमुदतीची कौशल्य केंद्रे यांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना त्याच भागातल्या उद्योगांत काम मिळत नाही, आणि त्याच वेळी त्या उद्योगांना हवी तशी माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार वाढली की पहिला उपाय म्हणून सल्लागार समिती नेमली जाते. उपाय योग्यच आहे. मात्र पुष्कळदा समितीची नावे पदनामांवरून ठरतात, वर्षातून दोन बैठका होतात, सदस्य मोलाच्या सूचना करतात, त्या इतिवृत्तात ‘नोंद घेण्यात आली’ एवढ्या शब्दांत मावतात, आणि पुढच्या बैठकीत त्याच सदस्यांना त्याच सूचना पुन्हा कराव्या लागतात. तिसऱ्या बैठकीपासून कामाची माणसे येईनाशी होतात. हे मार्गदर्शन अशी समिती प्रत्यक्ष चालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते त्या सदस्य-सचिवासाठी आहे, मग तो प्राचार्य असो, विभागप्रमुख असो किंवा शिक्षण खात्यातला अधिकारी असो. मध्यवर्ती गोष्ट आरंभीच सांगतो. सल्लागार समितीला निर्णयाचा अधिकार नसतो. तिचे सारे बळ तिच्या प्रत्येक सल्ल्याला संस्थेकडून ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळण्यात असते. पुढचे बहुतेक तपशील ही एक व्यवस्था टिकून राहावी यासाठी आहेत.

आधी कार्यकक्षा, मग नावे

नावांची यादी करण्यापूर्वी दोन पानांची कार्यकक्षा लिहून काढावी आणि ती संस्थेच्या नियामक मंडळाकडून मंजूर करून घ्यावी. नियामक मंडळ निर्णय घेते व निधी मंजूर करते, मान्यता देणारी यंत्रणा मानके तपासते, आणि सल्लागार समिती उद्योगातले वास्तव व प्रशिक्षणातले वास्तव यांची तुलना करून मत देते. या तीन भूमिका कागदावर वेगळ्या न झाल्यास एक तर समिती स्वतःला मालक समजू लागते, किंवा संस्था तिला पाहुणा समजू लागते. जर्मनीच्या 1969 च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यात ही स्पष्टता चांगली दिसते. तेथील उद्योग व व्यापार मंडळांसारख्या संस्थांकडे असलेल्या प्रशिक्षण समितीत मालकांचे 6, कामगारांचे 6 आणि व्यवसाय शाळांतील शिक्षकांचे 6 प्रतिनिधी बसतात, आणि शिक्षकांचे मत सर्वसाधारणपणे सल्ल्यापुरते राहील, हे कायद्यातच नमूद आहे. मत कोणाचे मोजले जाणार आणि कोणाचे ऐकून घेतले जाणार, हे पहिल्या दिवशी माहीत असल्याने पुढचा रुसवाफुगवा टळतो. अमेरिकेत 1968 मध्ये व्यवसाय शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा केंद्राचा निधी हवा असलेल्या प्रत्येक राज्याला सल्लागार परिषद नेमणे बंधनकारक झाले आणि त्या परिषदेवर दरवर्षी मूल्यमापन अहवाल देण्याची जबाबदारी आली. परिषदेचे काम तिथे बैठकांवर नव्हे, अहवालावर मोजले गेले, ही बाब आपल्याही उपयोगाची आहे.

कार्यकक्षेत समितीला तीन हक्क नेमक्या शब्दांत द्यावेत. पहिला माहितीचा: प्रवेश, गळती, निकाल, रोजगार आणि यंत्रसामग्रीची स्थिती यांचे आकडे तिला मागितल्यावर मिळाले पाहिजेत. दुसरा पाहणीचा: सदस्यांना वर्ग व कार्यशाळा चालू असताना पाहता आली पाहिजे आणि प्रशिक्षणार्थींशी बोलता आले पाहिजे. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, उत्तराचा: समितीने एकमताने किंवा बहुमताने दिलेल्या सल्ल्यावर संस्थाप्रमुखाने 45 किंवा 60 दिवसांत लेखी भूमिका कळवली पाहिजे. मुदत किती ठेवायची हे सोयीने ठरवावे, पण ती कार्यकक्षेत अंकांत लिहिलेली असावी, कारण ‘यथावकाश’ असा शब्द आला की उत्तर मिळेलच याची खात्री राहत नाही.

कार्यकक्षेतच ‘आपला प्रदेश’ म्हणजे नेमका कोणता हेही ठरवावे. प्रशासकीय हद्द सोपी वाटते, पण कामगार त्या हद्दीप्रमाणे प्रवास करत नाहीत. गेल्या दोन-तीन तुकड्यांतले प्रशिक्षणार्थी कुठून शिकायला येतात आणि रोज ये-जा करून कुठे कामाला जातात, हे नकाशावर टिपले की खरा प्रदेश दिसतो. तो शेजारच्या जिल्ह्यात शिरत असेल तर तिथला एखादा उद्योग आणि तिथली एखादी संस्था समितीत घ्यावी. एकाच औद्योगिक वसाहतीतील त्याच उद्योजकांना चार संस्थांच्या चार समित्यांवर बोलावण्यापेक्षा त्या चारही संस्थांनी मिळून एक प्रादेशिक समिती नेमावी आणि तिच्याखाली व्यवसायनिहाय छोटे गट करावेत, म्हणजे सदस्यांचा वेळ वाचतो आणि चारही संस्थांना एकच सुसंगत सल्ला मिळतो.

कोणाला बोलवावे

कंपनीचा सर्वोच्च अधिकारी समितीत असला तर संस्थेला अभिमान वाटतो, आणि तसा एखादा सदस्य निधी व ओळखी यांच्या दृष्टीने उपयोगी असतो. पण नव्या मुलाला मल्टिमीटर हाताळता येतो का, रेखाचित्र वाचता येते का, बिघाडाची नोंद नीट लिहिता येते का, हे त्या अधिकाऱ्याला क्वचित माहीत असते. ते माहीत असते देखभाल विभागाच्या पर्यवेक्षकाला, फोरमनला, पाळीच्या प्रमुखाला किंवा सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नवोदितांचे काम तपासणाऱ्या गटप्रमुखाला. म्हणून 12 ते 15 जणांच्या समितीत निम्म्याहून अधिक जागा ज्यांच्या हाताखाली नवी माणसे प्रत्यक्ष काम करतात अशांसाठी ठेवाव्यात. उरलेल्या जागांवर माणसे निवडणारी एक-दोन व्यक्ती, कामगारांचा प्रतिनिधी, तीन ते पाच वर्षांपूर्वी त्याच संस्थेतून बाहेर पडलेला माजी विद्यार्थी, कार्यशाळेत शिकवणारा निदेशक आणि सध्याचा एखादा प्रशिक्षणार्थी असावा. भारतात 2007-08 मध्ये 1,396 शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा दर्जा सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उंचावण्याची योजना आली. त्या वेळी नेमलेल्या संस्था व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्षपद उद्योगाकडे व सचिवपद प्राचार्यांकडे ठेवतानाच ज्येष्ठ शिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांनाही जागा दिली होती. प्रशिक्षणार्थी बैठकीत बोलायला कचरतो हे खरे आहे. म्हणून त्याने आपल्या तुकडीशी आधी बोलून दोन मुद्दे लिहून आणावेत आणि अध्यक्षांनी ते बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात घ्यावेत.

लहान उद्योगांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बहुतेक समित्यांत दुर्लक्षित राहतो. मोठ्या कंपनीकडे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते, निवड करायला शेकडो अर्ज असतात, आणि ती समितीत प्रतिनिधी पाठवू शकते. दहा-वीस माणसांच्या कारखान्याचा मालक मात्र दिवसा यंत्र सोडून येऊ शकत नाही, आणि आपल्या संस्थेतले अनेक उत्तीर्ण विद्यार्थी पहिल्यांदा त्याच्याकडेच कामाला लागलेले असतात. त्याचे मत हवे असेल तर पाळी संपल्यावर त्याच्याकडे जावे, तासभर बोलावे, काय सांगितले ते लिहून त्याला वाचून दाखवावे आणि ते समितीपुढे ठेवावे. सदस्य-सचिवाने तिमाहीत अशा पाच-सहा भेटी घेतल्या, तर समितीच्या सल्ल्यात मोठ्या उद्योगांकडे जाणारा कल बराच कमी होतो.

सदस्यत्वाची मुदत तीन वर्षे ठेवावी आणि दरवर्षी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त व्हावेत, म्हणजे जुनी माहितीही राहते आणि नवी नजरही येते. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन घ्यावे. प्रयोगशाळेची उपकरणे विकणारा, सॉफ्टवेअरचे परवाने देणारा किंवा स्वतःचे खासगी प्रशिक्षण वर्ग चालवणारा माणूस समितीत असू नये असे मी म्हणणार नाही, कारण अशा माणसाला क्षेत्राची माहिती असते. पण खरेदीच्या किंवा नव्या अभ्यासक्रमाच्या विषयावर चर्चा सुरू झाली की त्याने आपला संबंध सांगावा, मत देऊ नये आणि तसे इतिवृत्तात लिहिले जावे.

याहून सूक्ष्म हितसंबंध मालकांचा असतो. आपल्याकडे असलेल्या एका विशिष्ट कंपनीच्या यंत्रावर किंवा एका विशिष्ट सॉफ्टवेअरवर मुले तयार करून मिळावीत, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. शिकणाऱ्याचे हित मात्र एका कारखान्यापुरते नसते. तो कारखाना बंद पडला किंवा त्याने यंत्रे बदलली, तरी त्याचे कौशल्य दुसरीकडे चालले पाहिजे. अशी मागणी आली की समितीने तिचे दोन भाग करावेत: तिच्यामागचे मूळ कौशल्य कोणते, आणि सराव कोणत्या साधनावर करायचा. एखाद्या विशिष्ट पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकावर, प्रोग्रॅम लिहिणे ही मागणी असेल, तर मूळ कौशल्य नियंत्रणाचे तर्कशास्त्र समजणे, निविष्टी (इनपुट) व फलिते (आउटपुट) यांची जोडणी वाचणे आणि दोष शोधणे हे आहे. ते अभ्यासक्रमात राहते. त्या विशिष्ट यंत्राचे बारकावे कंपनीने शिकाऊ उमेदवारीच्या काळात शिकवावेत, असे स्पष्ट सुचवावे.

सल्ल्याआधी आकडे

माहितीशिवाय बोलावलेली बैठक अनुभवांच्या देवाणघेवाणीत संपते. बैठकीच्या किमान दहा दिवस आधी सदस्यांच्या हाती चार-पाच पानांचा आकड्यांचा कागद पडावा, आणि त्यातले आकडे कसे काढले हेही त्यातच लिहिलेले असावे. विशेषतः रोजगाराच्या आकड्याबाबत ही काळजी फार गरजेची आहे. समजा, एका अभ्यासक्रमाला 100 जणांनी प्रवेश घेतला, 80 जण शेवटपर्यंत टिकले, 60 उत्तीर्ण झाले, त्यांतल्या 40 जणांशी सहा महिन्यांनी संपर्क झाला आणि त्यांपैकी 30 जण कामाला लागल्याचे कळले. संपर्क झालेल्यांपैकी मोजले तर रोजगार 75 टक्के होतो, उत्तीर्णांपैकी मोजले तर 50 टक्के, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी 30 टक्के. तिन्ही गणिते बरोबर आहेत. अहवालात पहिला आकडाच छापला तर मात्र समितीची दिशाभूल होते. उरलेल्या 20 जणांशी संपर्क का झाला नाही, प्रवेश घेतलेल्यांतले 20 जण मध्येच का गेले, आणि कामाला लागलेल्या 30 जणांतले किती जण शिकलेल्या व्यवसायातच काम करत आहेत, हे प्रश्न समितीने विचारलेच पाहिजेत. मागोवा एकदा सहा महिन्यांनी व पुन्हा बारा महिन्यांनी घ्यावा, कारण पहिल्या दोन महिन्यांत नोकरी सोडणाऱ्यांची कारणे पुष्कळदा प्रशिक्षणातल्या उणिवा दाखवतात.

रिकाम्या जागांच्या जाहिराती मोजून मागणी ठरवण्याची पद्धत आता सोपी झाली आहे, पण तिच्यावर एकट्याने विसंबू नये. एकच जागा चार संकेतस्थळांवर दिसते, मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्था प्रत्यक्षात नसलेल्या जागांसाठीही अर्ज गोळा करून ठेवतात, आणि लहान कारखान्यांतल्या जागा तर कुठेच न छापता ओळखीने भरल्या जातात. जाहिरातींतून कोणती कौशल्ये मागितली जातात याची दिशा घ्यावी, संख्या मात्र उद्योगांना प्रत्यक्ष विचारून घ्यावी: गेल्या बारा महिन्यांत या कामासाठी किती माणसे घेतली, किती सोडून गेली, आणि येत्या वर्षात किती घेणार. मागच्या वर्षीच्या उत्तराशी या वर्षीची प्रत्यक्ष भरती पडताळून पाहिली की कोणाच्या अंदाजावर किती भर द्यायचा हे हळूहळू कळू लागते. व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा निधी देणाऱ्या अमेरिकेच्या 2018 च्या पर्किन्स कायद्यात स्थानिक गरजांचा सर्वंकष आढावा किमान दर दोन वर्षांनी, सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून घेण्याची अट आहे. दोन वर्षांचे हे अंतर व्यवहार्य आहे. दरवर्षी पूर्ण आढावा घ्यायला बहुतेक संस्थांकडे माणसे नसतात, आणि पाच वर्षांत तंत्रज्ञान बरेच पुढे गेलेले असते.

एक इशारा द्यायला हवा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबाबत असे दाखवून दिले होते की, एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आला की त्या आकड्यातली नियमितता टिकत नाही. प्रशिक्षणातही केवळ रोजगाराच्या टक्केवारीवर निधी ठरू लागला, तर ज्यांना नोकरी मिळणे अवघड आहे अशा मुलांना प्रवेशच न देण्याकडे कल होतो. म्हणून रोजगाराच्या आकड्याशेजारी प्रवेश कोणाला मिळाला आणि गळती कोणाची झाली, हे आकडे नेहमी ठेवावेत.

कामाचा नकाशा आणि अभ्यासक्रम

‘अभ्यासक्रमात काय बदल हवा?’ असा मोकळा प्रश्न उद्योगातल्या माणसाला विचारला, तर उत्तर ‘संवादकौशल्य वाढवा’ किंवा ‘नवे तंत्रज्ञान शिकवा’ असेच येते. त्यात चूक त्याची नाही. अभ्यासक्रम ही शिक्षकांची भाषा आहे. त्याची भाषा कामाची आहे, म्हणून त्याला कामाबद्दल विचारावे. यासाठी कॅनडात 1960 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली डेकम ही पद्धत आजही उपयुक्त आहे. एखादे काम उत्तम करणारी 5 ते 12 माणसे साधारण दोन दिवस एकत्र बसतात आणि एक सूत्रसंचालक त्यांच्याकडून त्या कामातल्या मुख्य जबाबदाऱ्या व प्रत्येक जबाबदारीतली कामे वदवून घेऊन भिंतीवर कार्डांनी मांडतो. शिक्षक त्या खोलीत ऐकायला बसतात, पण बोलत नाहीत. प्रत्येक काम क्रियापदाने सांगायचे असते, जसे की ‘बंद पडलेल्या कन्व्हेयरचा दोष शोधणे’, ‘बेअरिंग बदलणे’, ‘पाळी बदलताना नोंदवही सुपूर्त करणे’. ज्ञान, साधने आणि वागणुकीच्या सवयी यांच्या याद्या त्यानंतर वेगळ्या केल्या जातात. जो ते काम रोज करतो तोच त्याचे वर्णन सर्वांत अचूक करू शकतो, या गृहीतकावर ही पद्धत उभी आहे, आणि त्या खोलीत व्यवस्थापकांना बसवले की ती बिघडते.

कामाचा हा नकाशा तयार झाल्यावर पूर्ण समितीने प्रत्येक कामाला गुण द्यावेत. इथे प्रश्न काळजीपूर्वक शब्दबद्ध करावा लागतो. ‘हे काम किती महत्त्वाचे आहे?’ असे विचारले तर सगळीच कामे महत्त्वाची ठरतात. त्याऐवजी ‘नव्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात यायला हवे का, की वर्षभरात कामावर शिकता येईल?’ असे विचारले की यादी आपोआप लहान होते. अमेरिकेत टेक्सासमधील कॉलिन कॉलेजात असलेल्या केंद्राने माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी रूढ केलेल्या पद्धतीत उद्योगातले सदस्य येत्या 12 ते 36 महिन्यांत नवोदिताला कोणती कौशल्ये लागतील यावर मत नोंदवतात, आणि नंतर शिक्षक आपला अभ्यासक्रम त्या यादीशी ओळीओळीने ताडून कुठे काय शिकवले जाते ते सदस्यांना दाखवतात. ही ताडणी केल्याशिवाय गुणदानाचा उपयोग होत नाही. एका उभ्या रकान्यात कामे आणि आडव्या ओळीत विषय व प्रात्यक्षिके मांडली की दोन गोष्टी एका नजरेत दिसतात: ज्या कामासाठी एकही प्रात्यक्षिक नाही ते काम, आणि जे प्रात्यक्षिक कोणत्याच कामाला उपयोगी पडत नाही ते प्रात्यक्षिक.

दुसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणी बघत नाही, आणि म्हणून अभ्यासक्रम फक्त वाढत जातो. तासांची संख्या ठरलेली असते. नवे आणताना जुने काढले नाही तर दोन्ही अर्धवट होतात. माझा आग्रह असा असतो की, जो सदस्य एखादा घटक वाढवण्याचा सल्ला देईल त्यानेच तेवढ्या तासांचा कोणता घटक कमी करता येईल तेही सुचवावे. त्यावर शिक्षकांचे म्हणणे मात्र पूर्ण ऐकावे, कारण वरवर निरुपयोगी वाटणारा घटक पुढच्या तीन घटकांचा पाया असू शकतो. हाताने फाइल घासण्याचे प्रात्यक्षिक सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या, काळात जुने वाटते, पण धातू कसा कापला जातो आणि मापातली सूट म्हणजे काय, हे त्यातूनच बोटांना कळते. तो घटक किती तासांचा असावा यावर चर्चा व्हावी. असावा की नाही याचा निर्णय घाईने होऊ नये.

अनेक ठिकाणी अभ्यासक्रम मध्यवर्ती मंडळ ठरवते आणि संस्थेला त्यात बदल करता येत नाही. अशा वेळी ‘आमच्या हातात नाही’ एवढेच सांगून समितीचा सल्ला परत पाठवणे योग्य नाही. सचिवाने सल्ल्यांची विभागणी करावी. प्रात्यक्षिकांचा क्रम, उदाहरणे, प्रकल्पांचे विषय, पाहुण्या तज्ज्ञांची सत्रे, अल्पमुदतीचे जोडवर्ग आणि कार्यशाळेतल्या सवयी या गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत, आणि त्या पहिल्या सत्रातच बदलता येतात. मंडळाच्या कक्षेतल्या गोष्टी कामाचा नकाशा व गुणदानाचा तक्ता जोडून मंडळाकडे पाठवाव्यात. पुरावा जोडलेले पत्र आणि नुसते मागणीचे पत्र यांत मंडळाच्या अभ्यासक्रम समितीला फरक दिसतो, आणि एकाच प्रदेशातल्या चार संस्थांनी तोच पुरावा पाठवला तर अधिकच.

बैठक, इतिवृत्त आणि उत्तर

कार्यसूचीतले विषय प्रश्नांच्या स्वरूपात लिहावेत. ‘इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आढावा’ या विषयावर तासभर माहिती दिली जाते आणि सल्ला मिळत नाही. ‘सोल्डरिंगचे तास कमी करून दोषशोधनाचे वाढवावेत का?’ या विषयावर वीस मिनिटांत उपयोगी मत मिळते. एका बैठकीत असे तीन प्रश्न पुरेत. बैठकीचा निम्मा वेळ कार्यशाळेत घालवावा. सदस्यांनी यंत्रांची संख्या विचारण्यापेक्षा आज चालू असलेली यंत्रे मोजावीत, एका तुकडीत एका यंत्रामागे किती मुले उभी आहेत ते पाहावे, आणि एखाद्या प्रशिक्षणार्थीला तो काय करत आहे आणि का, एवढेच विचारावे. स्वागत समारंभ आणि सादरीकरणे यांना या वेळेतून कात्री लावावी. सदस्य त्यासाठी आलेले नसतात.

इतिवृत्त लिहिताना प्रत्येक सल्ल्याला वर्ष आणि अनुक्रमांक द्यावा, आणि सल्ला असा लिहावा की तो पूर्ण झाला की नाही हे सांगता येईल. त्यासमोर संस्थाप्रमुखाने चारपैकी एक उत्तर लिहावे: स्वीकारला, अंशतः स्वीकारला, कारण देऊन नाकारला, किंवा वरिष्ठ यंत्रणेकडे पाठवला. स्वीकारलेल्या सल्ल्यापुढे जबाबदार व्यक्तीचे पदनाम व तारीख हवी. नकाराची मला भीती वाटत नाही. निधी नाही, जागा नाही, नियम आड येतो, किंवा शिक्षकांना तो सल्ला शैक्षणिकदृष्ट्या चुकीचा वाटतो, असे स्पष्ट कारण दिले तर सदस्य ते समजून घेतात आणि पुष्कळदा पर्यायही सुचवतात. त्यांना दुखावते ते मौन. पुढच्या प्रत्येक बैठकीचा पहिला विषय हाच अनुपालन तक्ता असावा, आणि तो स्वागताच्या भाषणांआधी घ्यावा. वर्षाअखेरीस हा तक्ता संस्थेच्या सूचनाफलकावर व संकेतस्थळावर लावला, तर प्रशिक्षणार्थी आणि पालक यांनाही समिती काय करते ते कळते.

शिक्षकांबाबत एक गोष्ट थोडक्यात. समितीची चर्चा ‘शिक्षक अद्ययावत नाहीत’ या वाक्यावर येऊन थांबत असेल, तर अध्यक्षांनी तिचे रूपांतर कामात करावे: सुट्टीच्या काळात दोन ते चार आठवडे निदेशकाला आपल्या कारखान्यात काम करू देण्यास किती सदस्य तयार आहेत, हे त्याच बैठकीत विचारावे आणि नावे लिहून घ्यावीत.

कामावरच्या प्रशिक्षणावर देखरेख

प्रशिक्षणाचा मोठा भाग संस्थेच्या भिंतींबाहेर, शिकाऊ उमेदवारीत होतो आणि तिथे समितीची नजर सहसा पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2023 मध्ये दर्जेदार शिकाऊ उमेदवारीबाबत स्वतंत्र शिफारस, क्रमांक 208, स्वीकारली. लेखी करार, योग्य मोबदला आणि सुरक्षित कामाची जागा या गोष्टींचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. भारतातील 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही करार आणि विद्यावेतन यांची तरतूद आहे. कागद असला तरी शिकाऊ मुलगा वर्षभर एकाच यंत्रावर माल चढवत-उतरवत राहिला, तर ते प्रशिक्षण होत नाही. म्हणून कामाच्या नकाशातूनच एक नोंदवही तयार करावी, तीत कोणते काम कधी शिकवले आणि कोणी तपासले याची सही असावी, आणि समितीतल्या दोन सदस्यांनी मिळून दर तिमाहीत काही नोंदवह्या यादृच्छिक निवडून पाहाव्यात. सदस्याने स्वतःच्या कारखान्यातली नोंदवही तपासू नये, हा नियम पहिल्यापासून ठेवावा.

याच ठिकाणी कोण येत नाही हेही विचारायला हवे. संस्थेत मुलींची संख्या असूनही शिकाऊ उमेदवारीत ती घटत असेल, तर कारण बहुधा कौशल्यात सापडत नाही. रात्रपाळीनंतर घरी जाण्याची सोय, वेगळे स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा आणि तक्रार कोणाकडे करायची याची माहिती, या गोष्टी तपासाव्यात. अपंग प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत एखाद्या बाकाची उंची किंवा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर पुरेसे असते, आणि उद्योगातले सदस्य समोर बसलेले असल्याने असे प्रश्न तिथल्या तिथे सुटू शकतात.

अभ्यासक्रम बंद करण्याचा सल्ला

सर्वांत अवघड सल्ला हाच असतो आणि समित्या तो टाळतात. सलग तीन वर्षे प्रवेश घटत असतील, त्या व्यवसायात भरती होत नसेल आणि कामाचा नकाशा पुन्हा तपासूनही नव्या कामांशी जोडणी होत नसेल, तर तो अभ्यासक्रम चालू ठेवणे म्हणजे तरुणांची दोन वर्षे घेणे आहे. हा सल्ला देताना सोबत तीन गोष्टी लिहून द्याव्यात: सध्याची तुकडी पूर्ण होईपर्यंत शिकवणे आणि परीक्षा चालू राहतील, तिथले शिक्षक कोणत्या जवळच्या विषयासाठी पुन्हा प्रशिक्षित होतील, आणि मोकळी होणारी जागा व यंत्रे कशासाठी वापरली जातील. आधीच्या बैठकांत आकडे नियमित मांडले गेले असतील, तर हा निर्णय कोणाला अचानक वाटत नाही.

समितीने स्वतःचाही आढावा वर्षातून एकदा घ्यावा. किती सल्ले दिले, किती स्वीकारले गेले, किती पूर्ण झाले, कोणते सदस्य दोनदा गैरहजर राहिले आणि का, एवढे पुरेसे आहे. दिलेल्या सल्ल्यांपैकी फारच थोडे स्वीकारले जात असतील, तर संस्था ऐकत नाही किंवा सल्ले अमलात आणण्याजोगे नाहीत, यांपैकी काय खरे आहे ते अध्यक्ष आणि संस्थाप्रमुख यांनी समोरासमोर बसून ठरवावे.

शेवटचे काम सदस्य-सचिवाच्या बदलीच्या वेळचे. कार्यकक्षा, हितसंबंधांची निवेदने, कामाचे नकाशे, अनुपालन तक्ता, माजी विद्यार्थ्यांचा मागोवा कसा घ्यायचा याची पद्धत आणि लहान उद्योगांच्या भेटींच्या नोंदी, हे सर्व एका दप्तरात ठेवून नव्या सचिवाच्या सहीने सुपूर्त करावे, आणि जुन्या सचिवाने नव्याला निदान तीन-चार कारखान्यांत स्वतः नेऊन पर्यवेक्षकांची ओळख करून द्यावी. मंडळाकडे पाठवलेल्या ज्या पत्रांची उत्तरे अजून यायची आहेत, त्यांची तारीखवार यादी या दप्तरात सर्वांत वर असावी.